जपानी निसर्ग-मुद्राचित्रे, विसाव्या शतकातील

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये लाकडी ठशांच्या साहाय्याने हातकागदावर अनेक रंगांत छापण्यात आलेली निसर्गदृश्यांची चित्रे. या चित्रांच्या चळवळीस ‘शिन्-हांगा’ म्हणजे ‘नवे मुद्राचित्र’ अशी संज्ञा आहे. तिचा कालखंड स्थूलमानाने १९१५ ते १९६० असा धरला जातो. रूपवती स्त्रिया, रंगमंचावरील नट, फुले व पक्षी हेही शिन्-हांगाचे विषय होते. परंतु संख्येने आणि लोकप्रियतेने निसर्गदृश्येच अग्रेसर ठरली. ही चित्रे मुळातच अनेक प्रतींत निघत असल्याने त्यांच्या रसग्रहणाचा व संग्रहाचा विचार तैलचित्राच्या विचाराहून वेगळा पडतो. एकाच ठशांवरून निघालेल्या दोन प्रती कलादृष्ट्या सारख्याच मोलाच्या असतीलच असे नाही, आणि अशा प्रतींतील तारतम्य ओळखणे हेच या क्षेत्रातील जाणकारीचे मर्म होय.

रंगीत काष्ठमुद्रणाची जपानी परंपरा ‘उकियो-ए’ या नावाने जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात होकुसाई (१७६०–१८४९) व हिरोशिगे (१७९७–१८५८) यांनी फूजी पर्वत आणि तोकाइदो मार्गावरील मुक्काम यांच्या चित्रमालिकांद्वारे निसर्गदृश्य हा या कलेचा स्वतंत्र विषय बनविला. मेजी राजवटीच्या आरंभानंतर (१८६८) मात्र शिळामुद्रण, छायाचित्रण व यांत्रिक छपाई यांच्यापुढे लाकडी ठशांचा व्यवसाय मागे पडू लागला. कोबायाशी कियोचिका (१८४७–१९१५) या चित्रकाराने १८७६ ते १८८१ या काळात टोकिओची दृश्ये काढताना वायुदिवे, आगीचे लोळ, चांदणे आणि काळोख यांचा जो वापर केला, तो पुढील पिढीस मार्गदर्शक ठरला. परंतु त्याच्या या प्रयत्नाला लगेच अनुयायी लाभले नाहीत. शतकाच्या अखेरीस कुशल कारागीर होते, पण त्यांच्या हाती काम उरले होते ते बहुतांशी जुन्या चित्रांच्या नकला छापण्याचे. त्याच काळात जुनी अस्सल मुद्राचित्रे यूरोप-अमेरिकेकडे मोठ्या प्रमाणावर निर्यात होत होती.

या निर्यातीच्या व्यापारातच शिन्-हांगा चळवळीच्या प्रवर्तकाची जडणघडण झाली. वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) हा तरुणपणी कोबायाशी बुन्शिची या व्यापाऱ्याच्या निर्यातपेढीत नोकरीस होता. परदेशी गिऱ्हाइकाला काय आवडते हे त्याने तेथे पाहिले. जुनी चित्रे संपत चालली असून कारागिरांची विद्याही त्यांच्याबरोबर संपेल, हेही त्याच्या ध्यानी आले. टोकिओ येथे स्वतःचे दुकान थाटून त्याने प्रथम ताकाहाशी शोतेई (१८७१–१९४५) याच्यासारख्या चित्रकारांकडून लहान आकाराची, परदेशी पाहुण्यांना रुचतील अशी दृश्ये करवून घेतली. परंतु त्याला अभिप्रेत असलेले नवे मुद्राचित्र याहून निराळे होते. १९१५ मध्ये फ्रिट्स कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या जलरंगचित्रांवरून त्याने ठसे करविले. पुढील वर्षी चार्ल्स बार्टलेट (१८६०–१९४०) या इंग्रज चित्रकाराची मुद्राचित्रे त्याने प्रसिद्ध केली. बार्टलेट १९१३ नंतर भारतात प्रवास करून जपानला पोहोचला होता. त्यामुळे वातानाबेच्या या आरंभीच्या चित्रांत ताजमहाल, बनारस, उदयपूर, पेशावर व खैबर खिंड यांची दृश्ये आढळतात. नव्या जपानी निसर्ग-मुद्राचित्राचा पहिला घाट असा अंशतः भारतीय विषयांवर घडला, ही गोष्ट भारतीय वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

या चित्रांचे तंत्र समजल्याखेरीज त्यांचे गुणदोष कळत नाहीत. चित्रकार, ठसे कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांच्या सहकार्याने मुद्राचित्र सिद्ध होते. चित्रकाराच्या जलरंगचित्रावरून रेषांचा आराखडा पातळ कागदावर काढून तो चेरीच्या लाकडाच्या घोटीव फळीवर पालथा चिकटवितात व रेषा ठेवून बाकीचा भाग कोरून काढतात. कोरणीत हा आराखडा नष्ट होतो. अशा रीतीने तयार झालेल्या मुख्य ठशावरून काही प्रती छापून त्यांवर चित्रकार कोणता रंग कोठे हवा ते दाखवितो व त्यानुसार प्रत्येक रंगाचे ठसे कोरले जातात. ठशाच्या कोपऱ्यात एक काटकोनी व कडेला एक सरळ अशा दोन खाचा असतात. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. कागदाची कड दर वेळी या खाचांशी नेमकी भिडविल्याने वीस-तीस वेळा छापूनही रंग जागेवरून हलत नाहीत. कागद कोझो म्हणजे कागदी तुतीच्या सालीच्या धाग्यांचा असतो. तुरटी व सरस यांची खळ देऊन तो ओलसर अवस्थेत वापरतात. पाण्यात कालविलेला रंग भाताच्या खळीसह कुंच्याने ठशावर पसरतात, त्यावर कागद ठेवतात आणि पाठीमागून ‘बारेन’ने घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या धाग्यांच्या पिळलेल्या दोरीची वेटोळी चकती, वरून बांबूच्या सालपटाने मढविलेली. यंत्राचा दाब कोठेही नाही. आहे तो केवळ हाताचा दाब. म्हणूनच कागद रंग पिऊन घेतो आणि रंग कागदावर न बसता कागदात उतरतो.

आकाश वर गडद व क्षितिजाकडे विरळ होत जाणे, पाण्याच्या कडेला निळा रंग हळूहळू नाहीसा होणे, अशा छटांना ‘बोकाशी’ म्हणतात. ही छटा ठशात कोरलेली नसते. छापणारा प्रत्येक प्रतीच्या वेळी ठशावर रंग व पाणी यांचे प्रमाण हाताने साधतो. त्यामुळे प्रत्येक प्रतीतील आकाश थोडे वेगळे असते. शिन्-हांगाची एक निराळी लकब अशी, की बारेनचे वर्तुळाकार फराटे, जे जुना कारागीर कटाक्षाने लपवीत असे, ते वातानाबेने हेतुपुरस्सर दिसू दिले. या फराट्यांना ‘झारा’ म्हणतात. भिंतीच्या, धुक्याच्या किंवा पावसाळी आकाशाच्या सपाट भागाला त्यांमुळे एक थरथरता पोत येतो. छायाचित्राच्या युगात हाताची खूण मुद्दाम दाखविण्याची ही युक्ती व्यापारी खरी, पण तिचा परिणाम निखळ कलात्मक आहे.

निसर्गदृश्याला या चळवळीत केंद्रस्थान मिळवून दिले ते कावासे हासुई (१८८३–१९५७) याने. घरच्या धंद्यामुळे त्याला चित्रकलेकडे उशिरा वळता आले. काबुराकी कियोकाता (१८७८–१९७२) या नामवंत चित्रकाराने त्याचे वय पाहून त्याला प्रथम शिष्य म्हणून घेण्याचे नाकारले होते. १९१८ मध्ये इतो शिन्सुई (१८९८–१९७२) या आपल्या गुरुबंधूची बिवा सरोवराच्या आठ दृश्यांची मुद्राचित्रमालिका पाहून हासुई या माध्यमाकडे आकृष्ट झाला व त्याच वर्षी शिओबारा येथील तीन दृश्ये घेऊन त्याने पदार्पण केले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे तो जपानभर हिंडत राहिला. जागेवर पेन्सिलीने रेखाटन करावे, रात्री धर्मशाळेत त्यावर रंग चढवावेत आणि परतल्यावर वातानाबेच्या कारागिरांबरोबर बसून मुद्रणासाठी त्याचे रूप ठरवावे, असा त्याचा क्रम होता. त्याची मुद्राचित्रे सहाशेच्या वर भरतात.

हासुईचा निसर्ग प्रेक्षणीय स्थळांचा नाही. प्रसिद्ध मंदिर असले तरी ते बर्फात अर्धे बुडालेले, प्रसिद्ध पूल असला तरी तो पावसात पुसट झालेला. ‘टोकिओची बारा दृश्ये’ (१९१९–२१) या मालिकेतील कोमागाता येथील नदीकाठच्या चित्रात नदीपेक्षा बांबूंच्या उभ्या मोळ्याच अधिक जागा व्यापतात आणि त्यांच्यापुढे भर दुपारी घोडागाडी उभी आहे. १९२५ चे शिबा येथील झोजोजी मंदिराचे चित्र त्याचे सर्वाधिक खपलेले चित्र होय : लाल महाद्वार, तिरपा कोसळणारा बर्फ, आणि छत्री वाऱ्याविरुद्ध धरून चाललेली एकटी स्त्री. पाच वर्षांनी आलेल्या ‘मागोमे येथील चंद्र’ या चित्रात गवती छपराचे घर, उंच पाइन वृक्ष आणि त्यांच्यामागे पूर्णचंद्र एवढेच आहे. एकाकी, पाठमोरी मानवाकृती ही हासुईची खूणगाठ. ती कोठे चालली आहे हे तो सांगत नाही. हिरोशिगेच्या वाटसरूंची गडबड, त्यांचे विनोद, घामाघूम हमाल येथे नाहीत. या शांततेचा अतिरेक झाल्याची तक्रार काही समीक्षक करतात आणि त्याच्या १९३० नंतरच्या काही चित्रांपुरती ती मान्य करावी लागते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपात व त्यानंतरच्या आगीत टोकिओ व योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त झाली. वातानाबेचे दुकान, साठ्यातील प्रती आणि आजवर कोरलेले सर्व ठसे जळाले. हासुईचे घर जळून त्याच्या १८८ रेखाटनवह्या गेल्या. शोतेईच्या शेकडो चित्रांचे ठसेही याच आगीत नाहीसे झाले. कलेतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम दुहेरी आहे. भूकंपापूर्वीच्या चित्रांचे पुनर्मुद्रण मूळ ठशांवरून करणे अशक्य झाले. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या थोड्या प्रती तेवढ्या उरल्या. आजच्या संग्राहकाला १९१८–२३ मधील हासुई दुर्मिळ वाटतो तो या कारणाने. दुसरा परिणाम व्यवसायाच्या स्वरूपावर झाला. कर्जबाजारी वातानाबेला दुकान पुन्हा उभे करण्यासाठी अधिक खपणारी चित्रे हवी होती. त्याच्या आग्रहाने हासुई शंभराहून अधिक दिवसांच्या प्रवासाला निघाला व पश्चिम जपानातील दृश्यांचा मोठा साठा घेऊन परतला. त्यानंतरची चित्रे अधिक उजळ, रंगांनी अधिक तपशीलवार, आणि परकीय रसिकाला सहज भावणारी आहेत. भूकंपापूर्वीची चित्रे आकाराने व रचनेने अधिक धाडसी असून त्यांतील रंग मोजके आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते हासुईचे श्रेष्ठ कार्य पहिल्या पाच वर्षांतील होय. तथापि लोकप्रियतेचा कौल याविरुद्ध आहे.

योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) याचा मार्ग भिन्न होता. तो मुळात पाश्चात्त्य पद्धतीचा तैल- व जलरंगचित्रकार, शिवाय गिर्यारोहक. १८९९ मध्ये अमेरिकेत जाऊन त्याने आपली जलरंगचित्रे विकून नाव मिळविले होते. १९२० पासून वातानाबेने त्याची सात मुद्राचित्रे काढली. त्यांचे ठसे भूकंपात गेले. त्यानंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील लोक साध्या जपानी मुद्राचित्रांनाही मान देतात, हे पाहून त्याने १९२५ मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली. कोरणारे व छापणारे पगारी, पण प्रत्येक टप्प्यावर देखरेख स्वतःची, अशी ही व्यवस्था होती. १९२८ च्या ‘खळाळ’ या ८० सेंमी.हून अधिक रुंद चित्राचे कोरीव काम त्याने स्वतःही केले. एवढा मोठा ओला कागद आकुंचन-प्रसरणामुळे खाचांशी जुळविणे किती अवघड असते, हे हाताने छापणाऱ्यालाच समजेल. निक्को येथील योमेइमोन द्वाराच्या त्याच्या चित्राला (१९३७) ९६ वेळा छाप द्यावे लागले, असे सांगितले जाते. १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य रंग बदलून सकाळ, पूर्वाह्ण, दुपार, धुके, संध्याकाळ व रात्र अशा सहा प्रहरांत त्याने छापले. ठसे तेच, प्रकाश वेगळा. क्लोद मोने याने कॅनव्हासवर तैलरंगात जे साधले, तेच हा कारागिरांच्या हाताने साधू पाहत होता.

भारतीय वाचकांना योशिदाविषयी विशेष आस्था वाटण्याचे कारण म्हणजे त्याचा १९३०–३१ मधील प्रवास. थोरला मुलगा तोशी (१९११–१९९५) याला बरोबर घेऊन तो भारत व आग्नेय आशियात हिंडला आणि परतल्यावर १९३१–३२ मध्ये या प्रदेशांवरील ३२ मुद्राचित्रे त्याने प्रसिद्ध केली. त्यांत निरनिराळ्या वेळचा ताजमहाल सहा चित्रांत आहे. फत्तेपूर सीक्रीतील जाळीदार खिडकी, उदयपूर, बनारसचा घाट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, मदुरेचे देवालय आणि कांचनजंगा हे विषयही आहेत. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची चित्रेही या मालिकेत असून महाराष्ट्राच्या दृष्टीने ती मोलाची आहेत. लेण्यांचे चित्रण करणारे बहुतेक परकीय चित्रकार शिल्पांच्या तपशिलात गुंततात. योशिदाने मात्र बाहेरच्या उन्हाचे आत येणे आणि अंधारात दगडाचा आकार हळूहळू उमटणे हाच विषय केला आहे. फत्तेपूर सीक्रीच्या चित्रात जाळीतून आलेला प्रकाश पिवळा-नारिंगी होऊन खोलीभर पसरला आहे. भारतीय उन्हाचा रंग जपानी जलरंगात इतका अचूक उतरला, ही गोष्ट अचंब्याची आहे. १९३९ मध्ये योशिदाने काष्ठमुद्रणाच्या तंत्रावर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ आजही उपयुक्त मानला जातो.

हासुई आणि योशिदा यांच्याखेरीज कासामात्सू शिरो (१८९८–१९९१), कियोचिकाचा शिष्य त्सुचिया कोइत्सू (१८७०–१९४९) व इतो ताकाशी (१८९४–१९८२) हे या शाखेतील उल्लेखनीय चित्रकार होत. कोइत्सूने वयाच्या साठीनंतर दोइ या प्रकाशकासाठी केलेली रात्रीची दृश्ये, ज्यांत कागदी दिव्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर पडलेला असतो, आज फार मागणीत आहेत.

या साऱ्या कार्याविषयी जपानमध्येच एक मूलभूत आक्षेप घेण्यात आला. ‘सोसाकू-हांगा’ म्हणजे ‘सर्जनशील मुद्राचित्र’ या समांतर चळवळीचे म्हणणे असे, की चित्रकाराने स्वतः काढावे, स्वतः कोरावे, स्वतः छापावे. यामामोतो कानाए (१८८२–१९४६) याच्या १९०४ च्या कोळ्याच्या चित्रापासून या विचाराचा प्रारंभ मानतात. ओन्ची कोशिरो (१८९१–१९५५) याने तो अमूर्त कलेपर्यंत नेला. या पक्षाच्या दृष्टीने वातानाबेची चित्रे म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठी घडविलेल्या भूतकाळाच्या आठवणी. विजेचे खांब, कारखाने, गर्दी यांवर पडदा टाकून जुन्या जपानचे स्वप्न विकणे. या टीकेत तथ्य आहे, पण ते अर्धेच. भूकंपानंतर टोकिओत बांधलेला व १९२८ मध्ये पूर्ण झालेला पोलादी कियोसू पूल १९३१ मध्ये हासुईच्या चित्राचा विषय झाला. शिवाय ‘चित्र कोणाचे?’ हा प्रश्न या पद्धतीत आपोआप वेगळा होतो. रेषांचा आराखडा कोरणीत नाहीसा झालेला, जलरंगचित्र म्हणजे केवळ सुरुवात. ज्याला मूळ कृती म्हणावे ते चौघांच्या हातांतून उतरलेल्या प्रतीतच असते. एकाच हाताची महती मानणाऱ्या आधुनिक कलाविचाराला ही गोष्ट पचनी पडणे अवघड होते. पण कोरणाऱ्याची रेषा व छापणाऱ्याचे आकाश यांना दुय्यम ठरविले, तर झोजोजीच्या चित्रात शिल्लक काय राहील, हा विचार टीकाकारांनी केल्याचे दिसत नाही.

जपानमधील रसिकांच्या उपेक्षेमुळे या चित्रांचे पहिले मोठे संग्रह अमेरिकेत झाले. १९३० मध्ये ओहायओ राज्यातील टोलीडो कलासंग्रहालयाने आधुनिक जपानी मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरविले. त्यात दहा चित्रकारांची ३४२ चित्रे होती आणि त्याच्या सिद्धतेत योशिदाचा हातभार होता. दुसरे प्रदर्शन १९३६ मध्ये झाले. रॉबर्ट म्युलर (१९११–२००३) याची हकीकत तर संग्राहकांमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाते. १९३१ मध्ये विद्यार्थिदशेत असताना न्यूयॉर्कमधील एका दुकानाच्या काचेत त्याने हासुईचे कियोसू पुलाचे चित्र पाहिले व ते पाच डॉलरना विकत घेतले. १९४० मध्ये विवाहानंतर तो जपानला गेला. तेथे चित्रकार व वातानाबे यांना भेटला आणि पुढे आयुष्यभर संग्रह करीत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर चार हजारांहून अधिक मुद्राचित्रे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या सॅक्लर कलावीथीला मिळाली. ज्या काळी जपानी तज्ज्ञ हासुईला व्यापारी चित्रकार मानीत होते, त्या काळी एका विद्यार्थ्याने स्वतःच्या नजरेवर विसंबून केलेली ही निवड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ताब्यातील जपानमध्ये आलेले अमेरिकन सैनिक व त्यांची कुटुंबे हा नवा ग्राहकवर्ग मिळाला. त्यांच्यासाठी जुन्या ठशांवरून मोठ्या प्रमाणावर पुनर्मुद्रणे झाली. १९५२–५३ मध्ये जपान सरकारच्या सांस्कृतिक वारसा समितीने हासुई व शिन्सुई यांच्याकडून एकेक मुद्राचित्र करवून घेऊन त्याच्या निर्मितीच्या सर्व टप्प्यांची नोंद ठेवली. हासुईचा विषय पुन्हा झोजोजीतील बर्फ हाच होता. १९७९ मध्ये जपानमध्ये हासुईच्या मुद्राचित्रांचा सूचिग्रंथ निघाला. नंतरच्या दशकांत या चित्रांना जागतिक लिलावगृहांत स्थान मिळाले. अमेरिकन संगणक-उद्योजक स्टीव्ह जॉब्झ (१९५५–२०११) हाही हासुईचा संग्राहक होता.

संग्राहकापुढचा पहिला प्रश्न प्रतीच्या काळाचा असतो. शिन्-हांगाच्या बहुतेक चित्रांवर प्रतींची संख्या नोंदविलेली नसते. मागणी असेपर्यंत छपाई होत राही. चित्रावरील वर्ष हे रचनेचे वर्ष होय, छपाईचे नव्हे, ही गोष्ट नवख्या संग्राहकाला अनेकदा महागात पडते. छपाईचा काळ ठरविण्याचे मुख्य साधन प्रकाशकाची मोहर हे आहे. वातानाबेने वेळोवेळी निरनिराळ्या आकारांच्या मोहरा वापरल्या. १९२९ च्या सुमारापासून युद्धापर्यंतच्या प्रतींवर स्वामित्वहक्क सांगणारी चौकोनी मोहर समासात आढळते. युद्धोत्तर काळात, हासुईच्या हयातीत, सुमारे ६ मिमी. व्यासाची गोल मोहर वापरात होती. त्याच्या मृत्यूनंतरच्या प्रतींवरील गोल मोहर किंचित मोठी, ७ मिमी.ची आहे. एका मिलिमीटरच्या या फरकाने किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. दोइच्या चित्रांत कोरणारा व छापणारा यांची नावे समासात छापलेली असतात आणि छापणाऱ्याचे नाव बदलले की आवृत्तीही बदलली असे समजतात. योशिदाच्या प्रतींवर समासात ‘जिझुरी’ म्हणजे ‘स्वतः छापलेले’ अशी मोहर असेल, तर ती त्याच्या हयातीतील व देखरेखीखालील प्रत होय. त्याच्या कुटुंबाने पुढे त्याच ठशांवरून काढलेल्या प्रतींवर ही मोहर नाही. परदेशी ग्राहकांसाठी तो पेन्सिलीने इंग्रजीत स्वाक्षरी करीत असे, परंतु केवळ स्वाक्षरीवरून निर्णय करू नये.

मोहरेवर भिस्त ठेवणारा संग्राहक मात्र अर्धाच जाणकार. मोहर पाहण्यापूर्वी चित्र पाहावे. ठसे ताजे असताना रेषा धारदार उमटतात. शेकडो छापांनंतर लाकडाची कड झिजते, बारीक रेषा तुटतात, पावसाच्या सरी जाडसर होतात. दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसणे किंवा एक रंग दुसऱ्यावर चढणे, हे खाचांशी कागद नीट न भिडल्याचे लक्षण आहे. आकाशातील छटा एकदम न तुटता विरत गेली आहे का ते निरखावे. कागद उलटून पाहावा. चांगल्या छपाईत रंग मागील बाजूपर्यंत पोहोचलेला व बारेनचा दाब जाणवणारा असतो. छायायांत्रिक पद्धतीने काढलेल्या नकलेत हे काहीच नसते. भिंगाखाली तिच्यात ठिपक्यांची जाळी दिसते. उलट काही वेळा उशिराची प्रत आरंभीच्या प्रतीहून सरस निघते, कारण छापणारा अधिक कुशल असतो. अशा वेळी बाजारभाव आणि डोळा यांच्यात विरोध उत्पन्न होतो. संग्रह गुंतवणुकीसाठी असेल तर बाजाराचे ऐकावे; पाहण्यासाठी असेल तर डोळ्याचे.

या चित्रांचा मोठा शत्रू प्रकाश आहे. वनस्पतिजन्य व काही कृत्रिम रंग उन्हाने फिके पडतात. जांभळा व गुलाबी हे रंग सर्वांत आधी जातात, म्हणून संधिप्रकाशाचे चित्र दिवसभर खिडकीसमोर टांगले, तर काही वर्षांत त्यातील संध्याकाळ नाहीशी होऊन करडी दुपार उरते. संग्रहालयांत अशी चित्रे सुमारे ५० लक्स इतक्याच मंद प्रकाशात व थोडे महिनेच मांडतात. आम्लयुक्त पुठ्ठ्याच्या चौकटीत बसविलेल्या चित्राभोवती तपकिरी पट्टा उठतो. तो बहुधा जात नाही. चिकटपट्टी व रबरी डिंक यांचा उपयोग कधीही करू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या गव्हाच्या पिठाच्या खळीने लावून चित्र आम्लरहित पुठ्ठ्यावर टांगते ठेवावे. जुने मालक चौकटीत बसविण्यासाठी समास कापीत. त्याबरोबर मोहर व शीर्षकही गेले, आणि अशा प्रतीची किंमत कितीतरी उतरते. दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके पडतात. मुंबई व कोकणासारख्या ठिकाणी पावसाळ्यात चित्रे भिंतीवर न ठेवता कोरड्या कपाटात सपाट ठेवणे इष्ट होय. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहणे महत्त्वाचे आहे. चढउतारानेच कागद अधिक खराब होतो.

हासुईचे शेवटचे चित्र हिराइझुमी येथील सुवर्णमंदिराचे आहे. दाट बर्फात पायऱ्या चढून जाणारा एक भिक्षू त्यात दिसतो. १९५७ मध्ये त्याची रचना पूर्ण करून तो निवर्तला. छपाई त्याच्या मृत्यूनंतर झाली आणि त्या प्रती त्याच्या स्मरणार्थ आप्तमित्रांना वाटण्यात आल्या.